भागीरथीची घागर

आश्विन लागला की भोपाळच्या अवधपुरीतल्या आमच्या गल्लीच्या टोकाचं सप्तपर्णीचं झाड फुलतं. दिवसभर त्याचं काही कळत नाही. उन्हं कलली की मात्र तो जड, गोडसर, डोक्यात चढणारा वास खिडकीच्या जाळीतून आत येतो आणि पाहुण्यासारखा खुर्ची धरून बसतो. इंग्रजीत या झाडाला सैतानाचं झाड म्हणतात. शाळेत मी दर वर्षी मुलींना हे सांगत असे. मुली "हाय, मॅडम!" म्हणून घाबरल्याचं नाटक करत. वासाला घाबरण्याचं काही कारण नसतं, हेही मी लगेच जोडून देत असे. आयुष्यभर मी अशीच वाक्यं जोडत आले.

सध्या मैदानात देवीच्या झांकीचा, म्हणजे देखाव्याचा, मांडव पडला आहे. सकाळपासून भोंगा सुरू होतो. हातगाडीवर उकडलेले काळे शिंगाडे आले आहेत, सीताफळं आली आहेत, आणि कॉलनीतल्या मुली गरब्याच्या टिपऱ्या घेऊन दुपारीच हिंडताहेत. रेवा, ओंकार, हे सगळं तुम्हाला फोनवर दाखवते तसं मी दाखवलं असतं आणि विषय संपला असता. पण गेल्या रविवारी तुम्ही मला व्हिडिओ कॉलवर तो भुताचा सिनेमा दाखवलात.

तुमच्या मेलबर्नला संध्याकाळ, माझ्याकडे दुपारचे दोन. "आजी, पडदे ओढ. उजेडात मजा नाही," ओंकारने हुकूम सोडला. मी पडदे ओढले, चष्मा पुसला आणि सवयीने वही-पेन्सिल घेऊन बसले. "नोट्स काढणारेस? आजी, परीक्षा नाहीये," रेवा म्हणाली आणि तुम्ही दोघं हसलात.

सिनेमा साधाच होता. एक मुलगी जुन्या बाजारातून पितळी चौकटीचा आरसा आणते. आरसा शापित असतो. त्यात कोंडलेलं कुणीतरी मुलीच्या अंगात शिरतं. तिचा आवाज घोगरा होतो, मान नको तितकी वळते, घरचे तिला पलंगाला बांधतात, मग धूर, मंत्र, पाण्याचे शिंतोडे. तुम्ही चिवडा खात खात हसत होतात. मीही हसत होते. मध्येच ती मुलगी आपल्या सावत्र बापाकडे बघते आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणते, "तळघरात काय केलंस ते सांग." पुढच्याच क्षणी दिवे फुटतात, सगळे आरसा फोडायला धावतात. आरसा फुटतो, मुलगी शुद्धीवर येते, शेवटच्या नावांच्या पाट्या येतात. तळघराचं पुढे कुणीच विचारत नाही. माझ्या वहीत त्या दिवसाच्या तारखेखाली एकच शब्द आहे: तळघर. त्यापुढे प्रश्नचिन्ह.

"काहीही म्हण, आपली घागर याच्यापेक्षा भारी आहे," रेवा म्हणाली. "आजी, मला कॉलेजसाठी दहा मिनिटांची फिल्म करायचीये. मी भागीरथीची गोष्ट करणारे. बाबा डिसेंबरात भोपाळला येईल ना, त्याच्याबरोबर घागर पाठव. ओरिजिनल. आणि गोष्ट पुन्हा एकदा सांग, मी रेकॉर्ड करते."

मी "बघू" म्हणाले आणि चहाचं निमित्त करून फोन ठेवला.

ती गोष्ट मी तुम्हाला किती वेळा सांगितली असेल! उन्हाळ्याच्या सुट्टीत, कूलरसमोर, तुम्ही दोघं माझ्या दोन बाजूंना. एक होती तांब्याची घागर. तिच्यावर नाव कोरलेलं होतं, भागीरथी. ही भागीरथी विहिरीत बुडून गेली आणि तिचा जीव घागरीत अडकला. एका अष्टमीला तुमच्या बाळआजोबांच्या बायकोने ती घागर फुंकली आणि भागीरथी तिच्या अंगात शिरली. ती भलत्याच आवाजात भलतंसलतं बोलायला लागली, तिचं डोकं फिरलं, आणि शेवटी घर सोडून निघून गेली. मग घागर लाल कापडात बांधून माळ्यावर टाकली. ओंकार, तू एकदा विचारलं होतंस, "मग बाळआजोबा बिच्चारे एकटेच राहिले?" मी म्हणाले होते, "हो रे राजा."

त्या गोष्टीत तांबं तेवढं खरं होतं.

बाकीचं आता लिहिते. फोनवर सांगितलं तर मी तुमचे चेहरे बघून मध्येच वळण घेईन. मला ओळखते मी.

तेव्हा आम्ही शिवाजी नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. तुमच्या आजोबांचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, ते इथलेच झाले. मी इंदूरची, इंग्रजीत एम. ए. केलेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी. घरात सासूबाई, म्हणजे माई, तुमचे आजोबा, सहावीत असलेला तुमचा बाबा, धाकटे दीर बाळभावजी, आणि त्यांची दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली बायको, नलिनी. नलिनी वर्ध्याची. बावीस वर्षांची, उंच, जरा पोक काढून चालणारी. गाताना मात्र ताठ उभी राहायची. मला "वहिनी" म्हणायची आणि माझी पुस्तकं न विचारता वाचून बरोबर त्याच जागी परत ठेवायची. माझ्या कपाटातल्या क्रमाला धक्का न लावणारी घरातली ती एकटीच होती.

आपल्याकडे आश्विनातल्या अष्टमीला नव्या सुना लग्नानंतर पहिली पाच वर्षं महालक्ष्मीची पूजा करतात. तांदळाच्या उकडीचा देवीचा मुखवटा करतात, त्याला काजळाचे डोळे काढतात, नथ घालतात, साडी नेसवतात. तो ताजा, किंचित ओलसर, पांढरा चेहरा समईच्या उजेडात इतका जिवंत दिसतो की पाठ करून बसवत नाही. दिवेलागणीला घागरी फुंकतात. घागर उदाच्या धुरावर पालथी धरायची, धूर आत भरून घ्यायचा, मग ती दोन्ही हातांनी तोंडाशी नेऊन काठावरून फुंकर मारायची. घूं असा आवाज निघतो. दहा-बारा जणी एकदम फुंकू लागल्या की जमीन गुणगुणते आहे असं वाटतं. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात देवी येते. बायका तिच्या पाया पडतात, ओटी भरतात, प्रश्न विचारतात. मुलाला नोकरी कधी, पोरीचं लग्न कधी. देवी उत्तरं देते. दुसऱ्या दिवशी तीच बाई भाजीवाल्याशी घासाघीस करताना दिसते आणि कुणाला काही वावगं वाटत नाही.

भोपाळला आम्ही बायका हे सगळं मराठी मंडळाच्या सभागृहात करायचो. त्या वर्षी महिला विभागाची चिटणीस मी होते. कोण फुलं आणणार, कोण उकड काढणार, किती घागरी, कुणाच्या, सगळ्याची मी यादी केली होती. आणि दर वर्षीप्रमाणे आदल्या दिवशी चहा पिताना मी सगळ्यांना शास्त्रही समजावलं होतं. भराभर श्वास सोडत राहिलं, त्यातून धूर आणि दिवसभराचा उपास, की मेंदूला मिळायची ती हवा नीट मिळत नाही, माणूस गुंगतो, यात देवीचा काही संबंध नाही. आमच्यातल्या वडीलधाऱ्या कुमुदताई म्हणायच्या, "सुमती, तू म्हणजे अगदी देवीलासुद्धा सर्टिफिकेट मागशील गं!" सगळ्या हसायच्या. मला ते आवडायचं.

घरची एक घागर चेपली होती, म्हणून माईंनी जुन्या शहरातल्या एका भांडीवाल्याकडून जुनीच दुसरी आणली. तांब्याची, जड, छान आवाजाची. काठाखाली ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं: चि. सौ. कां. भागीरथी हिस सप्रेम भेट. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण आमच्या वेळी लग्नातल्या भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. भांडं मोडीत गेलं की नावही जायचं. कधी कधी मात्र भांडं न वितळवता तसंच विकलं जायचं आणि एका घराची सून दुसऱ्या घरात नुसतीच नावाने राहायला यायची. "कुणाची कोण ती, घासून टाकते," नलिनी म्हणाली होती. मग तिने बोटाने ते ठिपके चाचपले आणि म्हणाली, "राहू द्या, वहिनी. छान आहे नाव."

आता आमच्या क्वार्टरच्या भिंतींविषयी. एका विटेची भिंत होती. पलीकडे बाळभावजी आणि नलिनीची खोली. मला काय ऐकू यायचं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आधी भावजींचा आवाज, खालचा, एका सुरातला. मग कातडी पट्ट्याचा. तिचा आवाज कधीच नाही. तेच मला भिववायचं आणि तेच माझ्या सोयीचंही होतं. ती ओरडली असती तर मला उठावं लागलं असतं. तुमचा बाबा टेबलाशी बसून अभ्यास करत असायचा. तो मान वर करायचा. मी म्हणायची, "तिमाही परीक्षा आली ना? मोठ्याने वाच. मोठ्याने वाचलं की लक्षात राहतं." आणि तो मोठ्याने भूगोल वाचायचा. काळी कसदार जमीन, कपाशी, गहू, सोयाबीन. त्याला भूगोलात पैकीच्या पैकी पडले. ती गुणपत्रिका माझ्या फायलीत आहे. मी ती काढून बघू शकत नाही.

सकाळी नलिनी लांब बाह्यांचं पोलकं घालून चहा टाकत असायची. मी एकदाच म्हणाले, "नलू, भावजी जरा तापट आहेत. तू उलट बोलत जाऊ नकोस." ती म्हणाली, "मी बोलतच नाही, वहिनी." मी म्हणाले, "मग चांगलंय."

चांगलंय म्हणाले मी.

बाळभावजी वाईट दिसत नसत, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यासाठी पतंगाला कन्नी बांधून देणारे, तुम्हाला खांद्यावर घेऊन झांक्या दाखवणारे, सगळ्यांना हसवणारे बाळआजोबा तेच. माझी बँकेची, रेशनची कामं न सांगता करणारे. पाहुण्यांसमोर म्हणायचे, "आमच्या वहिनी म्हणजे चालतीबोलती डिक्शनरी!" मला तो माणूस आवडायचा, आणि आवडत्या माणसाबद्दल मला काही कळून घ्यायचं नव्हतं.

त्या अष्टमीला सभागृहात घागरी फुंकणाऱ्यांच्या रांगेत नलिनीचा नंबर सातवा होता. माझ्याच यादीप्रमाणे. ती भागीरथीची घागर घेऊन उभी राहिली. सुरुवातीला सगळ्यांसारखीच, पदर खोचून, तालात. मग इतर थांबल्या तरी ती थांबेना. घागरीचा आवाज हळूहळू खाली, छातीत उतरला. तिचा अंबाडा सुटला. पोक काढून चालणारी ती मुलगी ताठ झाली, अगदी गाताना व्हायची तशी. "आली गं, आली!" कुणीतरी म्हणालं. बायका बाजूला सरकल्या. कुमुदताईंनी कुंकू लावलं, हात जोडले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आई, काय चुकलं आमचं? काय हवं?"

नलिनीने घागर खाली ठेवली. फेकली नाही, नीट ठेवली. आणि जाड, सावकाश आवाजात म्हणाली, "हा हिला मारतो."

"कोण, आई?"

"बाळ. पट्ट्याने मारतो. दार लावून मारतो. घरात सगळ्यांना ऐकू येतं." मग ती थांबली, आणि म्हणाली, "हिची पाठ बघा."

सभागृहात पन्नास-साठ बायका होत्या. त्या सगळ्यांचा देवीवर विश्वास होता. म्हणजे त्या क्षणी त्या सगळ्यांचा नलिनीवर विश्वास होता. कुमुदताई तिच्या मागे गेल्या. त्यांनी पदराला हात घातला.

आणि मी उठले. मुखवट्यासमोर देवीसाठी ठेवलेली शाल मी उचलली, नलिनीच्या खांद्यांवरून टाकली आणि दोन्ही टोकं पुढे ओढून घट्ट धरली. शाळेतल्या आवाजात म्हणाले, "हात लावू नका तिला. बाजूला व्हा, वारा येऊ द्या. हे मी कालच समजावलं होतं तुम्हाला. श्वासाचा प्रकार आहे. तिला आता शुद्ध नाही, काय बोलतेय ते तिला कळत नाही. अशा वेळी माणूस मनातलं काहीही बरळतो. त्याला अर्थ नसतो."

एकही शब्द अडखळला नाही. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत प्रभावी भाषण असेल. बायका मागे सरल्या. एक जण म्हणाली, "बाई गं, खरंच, सुमतीताई सांगत होत्या काल." शालीखाली नलिनीचे खांदे माझ्या हातात होते. आधी ते दगडासारखे होते. मग एकदम ढिले पडले. ती गुडघ्यांवर बसली आणि मी तिच्या तोंडावर पाणी मारलं.

मी हे का केलं, याची मी पुष्कळ कारणं काढली आहेत. घराची अब्रू. माईंची तब्येत. आजोबांची बढती तेव्हा अडली होती. ही कारणं खोटी नाहीत, पण ती मला नंतर सुचली. त्या वेळी मनात एवढंच होतं की चिटणीसबाईंच्या घरातलं असलं काही साठ जणींसमोर उघडं पडायला नको. आणि दुसरं, जे लिहायला मला चार दिवस लागले: माझं शास्त्र बरोबर होतं. ते आजही बरोबर आहे. माझ्या हातात एक खरी गोष्ट होती आणि मी ती उशीसारखी दुसऱ्या खऱ्या गोष्टीच्या तोंडावर दाबून धरली.

घरी आल्यावर माईंनी घागरीकडे बोट दाखवलं. "हीच ती अवदसा. कुणा मेलेलीची वस्तू घरात आली. भागीरथी हिच्या अंगात बोलली, आमच्या बाळवर आळ घेतला." बाळभावजींना ते फार पटलं. त्यांनी स्वतः स्टूल ओढलं, घागर लाल कापडात बांधली आणि माळ्यावर चढवली. स्टूल मी धरलं होतं. आदल्याच दिवशी भूत-देव काही नसतं म्हणणारी मी भागीरथीच्या भुतावर एक शब्द बोलले नाही. देवी खोटं बोलत नाही, पण भूत बोलू शकतं, आणि घरात सगळ्यांनाच तेव्हा भूत हवं होतं.

भागीरथी विहिरीत बुडाली हे पुढे मी जोडलं. गोष्ट रंगावी म्हणून. तुमच्यासाठी.

दिवाळीआधी नलिनीचे वडील आले. वर्ध्याला शाळामास्तर होते. कुणीतरी मंडळातूनच त्यांना पत्र टाकलं असावं. धोतराचा सोगा सावरत ते बाहेरच्या खोलीत बसले, चहा घेतला, माईंशी पिकापाण्याचं बोलले. निघायच्या आधी म्हणाले, "बाई, जरा अंगणात या." मी गेले. पारिजातकाखाली ते उभे राहिले.

"पोरगी काही सांगत नाही जी. विचारलं तर हसते. तुम्ही शिकलेल्या, शिकवणाऱ्या. मीही मास्तर आहे. तुम्ही म्हणाल ते मी मानीन. माझ्या पोरीला या घरात त्रास आहे का? असेल तर आत्ताच्या गाडीने घेऊन जातो. लोक काय म्हणतील ते म्हणतील."

तिचं सगळं त्या एका उत्तरावर अवलंबून होतं. त्यांनी तिचंही तिकीट काढून पिशवीत आणलं होतं, हे मला फार वर्षांनी कळलं.

मी म्हणाले, "उपास आणि धूर, दुसरं काही नाही. थोडी मनाने हळवी आहे. आम्ही आहोत ना."

ते मास्तर रडले. आनंदाने. मला हात जोडून नमस्कार केला, आणि एकटे गेले. खिडकीत नलिनी उभी होती. त्या दिवसापासून तिने माझ्या कपाटातलं एकही पुस्तक घेतलं नाही.

त्यानंतर ती त्या घरात सहा वर्षं राहिली. एका सकाळी भाऊ आला आणि ती त्याच्याबरोबर गेली, परत आली नाही. गावाने आपलं आपण ठरवलं: "अंगात यायचं ना तिच्या. बाळराव देवमाणूस, तरी सहा वर्षं सांभाळलं." भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यात बाळभावजींना पुढे चांगली जागा मिळाली, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही, आणि दर वर्षी त्यांच्याभोवतीची सहानुभूती वाढत गेली. दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा शोकसभेत मी बोलले. "एकट्याने, तक्रार न करता आयुष्य काढलं" असं वाक्य मी लिहून नेलं होतं. रेवा, तू ते ऑनलाइन ऐकलंस आणि मला हृदयाचं चित्र पाठवलंस.

सिनेमा बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी कामवाल्या सुशीलाकडून मी घागर माळ्यावरून काढवली. "माताजी, इसमें क्या है, इतना बाँध के रखा है?" तिने विचारलं. मी म्हणाले, "कुछ नहीं, बेटा, बर्तन है." चिंच आणि मीठ घेऊन मी मोरीत बसले. गुडघे दुखत होते. हिरवा थर निघाला, मग काळा, मग ते ठिपके दिसू लागले. चि. सौ. कां. भागीरथी. कुणाची तरी मुलगी. कुणीतरी तिच्या लग्नाला हौसेने घागर दिली होती. कदाचित ती नव्वद वर्षांची होऊन सुखात गेली असेल. मी तिला विहिरीत ढकललं, भूत केलं, आणि माझ्या दिराच्या जागी चाळीस वर्षं उभी केली.

मग मी नलिनीचा नंबर शोधला. कुमुदताईंच्या मुलीकडे होता. "तिची खबरबात सगळ्या विचारतात, तुम्हीच कधी विचारली नाहीत," ती सहज म्हणाली. दोन दिवस नंबर टेबलावर ठेवला. मी काय बोलायचं त्याचे मुद्दे काढले, पाच. काल सकाळी दहा वाजता, तिची पूजा-चहा झाला असेल असा हिशोब करून, फोन लावला.

"हॅलो, नलिनी आहे का? मी भोपाळहून सुमती बोलतेय."

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. मग, "वहिनी? अजून आहात तुम्ही?" आवाज म्हातारा झाला होता, पण ठणठणीत.

"आहे अजून."

"बरं झालं. भोपाळ ऐकून वाटलं, कोणी गेल्याचं कळवायला फोन केला. बोला जी."

मी पहिला मुद्दा बोलले. त्या अष्टमीला मी जे वागले ते चूक होतं, केवळ चूक नव्हे तर अपराध होता. दुसऱ्या मुद्द्यावर आले. तुझ्या वडिलांना मी जे उत्तर दिलं...

"वहिनी, तुम्ही कागदावरून वाचून राहिल्या का?"

मी कागद घाईने सरळ केला.

"वाटलंच मला. कागद फडफडतोय." ती हसली. अगदी मनापासून हसली. "चाळीस वर्षांत बदलल्या नाही. मुद्दा क्रमांक तीन कोणता?"

मी कागद उलटा ठेवला. खरं तर तिसरा मुद्दा तोच होता जो मला इतकी वर्षं छळत होता, तोच मी विचारला. "नलू, एकदाच सांग. त्या दिवशी अंगात खरंच काही आलं होतं, की तू स्वतःच बोलत होतीस?"

हसू थांबलं. कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"अजून तेच का, वहिनी?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "कोण बोललं, कोण बोललं. त्या दिवशीही तेच, माझे बाबा आले तेव्हाही तेच. काय बोललं, ते तुम्ही एकदाही नाही विचारलं मला."

माझ्या खिडकीबाहेर झांकीचा भोंगा चालू होता. मी उठून खिडकी लावली आणि पुन्हा फोन कानाला लावला. रेवा, ओंकार, माझं पाठांतर चांगलं आहे, मला प्रसंगाला साजेशी पुष्कळ वाक्यं येतात. त्यातलं एकही मी वापरलं नाही.

"आता विचारते," मी म्हणाले. "तुला काय काय झालं होतं त्या घरात?"

पलीकडे कुकरची तिसरी शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "थांबा. गॅस बंद करून येते."